पाराशावरचं चिंतन मराठीत कसं तयार करावं: नव्याच्या सणापासून सिम्हाथ तोरापर्यंत

एलूल, म्हणजे सणांआधीचा ज्यू महिना, लागला की आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) समाजातली पाराशावरची, म्हणजे तोरा या धर्मग्रंथातल्या त्या-त्या आठवड्याच्या पाठावरची, चिंतनं माझ्याकडे वाचायला येऊ लागतात. काही ठाण्याहून, काही अलिबागकडून, काही इस्राएलमधल्या अश्दोद आणि लोदहून. मराठी चांगलं असतं, तळमळही असते. चूक मात्र बहुतेकांची एकच असते: लिहिणारा सणापासून सुरुवात करतो. ‘रोश हशाना म्हणजे नवी सुरुवात’ हे ज्यू नववर्षाच्या, म्हणजे नव्याच्या सणाबद्दलचं वाक्य आधी कागदावर उतरतं आणि मग त्याला शोभेल असं एखादं वचन शोधलं जातं. असं चिंतन कुठल्याही वर्षी, कुठल्याही शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, वाचलं तरी चालतं, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याच्या मनात राहत नाही.

क्रम उलटा हवा. आधी पाठ, मग पाठातला एक प्रश्न, मग भाष्यकार, आणि सण सर्वांत शेवटी. खालच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या. उदाहरणासाठी २०२६ चा, म्हणजे ज्यू पंचांगाच्या ५७८७ चा सणांचा काळ घेतला आहे, कारण त्या वर्षी गोंधळाला भरपूर वाव आहे.

१. आधी पंचांग उघडा, पुस्तक नंतर

तोरेचे ५४ पाराशा वर्षभरात वाचून होतात, पण सण शनिवारी आला की त्या आठवड्याचा पाराशा मागे राहतो आणि सणाचा पाठ वाचला जातो. तिश्री या सणांच्या महिन्यात हे वारंवार होतं. २०२६ मध्ये काय होतं ते पाहा:

- ५ सप्टेंबर: निझावीम आणि वायेलेख, दोन्ही एकत्र
- १२ सप्टेंबर: रोश हशानाचा पहिला दिवस. पाराशा नाही, उत्पत्तीचा २१ वा अध्याय
- १९ सप्टेंबर: हाअझीनू. हाच शब्बाथ शुवा, म्हणजे रोश हशाना आणि किप्पूरचा उपास यांच्या मधला शब्बाथ
- २६ सप्टेंबर: सुक्कोथचा (मांडवांच्या सणाचा) पहिला दिवस. पाराशा नाही
- ३ ऑक्टोबर: शेमिनी अत्सेरेथ (सुक्कोथला लागून येणारा सण). पाराशा नाही
- १० ऑक्टोबर: बेरेशीथ

सहा शनिवारांपैकी तीन सणांचे आहेत. ‘मागच्या वर्षी या आठवड्यात वायेलेख होता, म्हणून याही वर्षी असेल’ असं धरून बसलात तर सगळी तयारी वाया जाईल. निझावीम आणि वायेलेख कधी एकत्र येतात आणि कधी वेगळे, हे रोश हशाना कोणत्या वारी येतो यावर ठरतं. सोमवारी किंवा मंगळवारी आला तर वेगळे, गुरुवारी किंवा शनिवारी आला तर एकत्र. बाकीच्या तीन वारी तो येतच नाही.

सावधान: भारतातलं आणि इस्राएलमधलं वाचन सुक्कोथच्या शेवटी वेगळं होतं. इस्राएलमध्ये ३ ऑक्टोबरलाच सिम्हाथ तोरा, म्हणजे तोरेचं वर्षाचं वाचन पुरं होण्याचा सण, आहे. आपल्याकडे तो ४ तारखेला, रविवारी. मावसबहिणीनं लोदहून पाठवलेलं सुंदर चिंतन जसंच्या तसं ठाण्यात शनिवारी वाचलंत तर ज्या पाठावर बोलाल तो पाठ त्या दिवशी कुणी वाचलेलाच नसेल. वर्षात इतर वेळीही असं घडतं. २०२६ मध्येच शबुओथ सणाचा दुसरा दिवस शनिवारी, २३ मे रोजी येतो. तिथून काही आठवडे दोन्हीकडचे पाराशा जुळत नाहीत. आपल्याकडे हुक्कथ आणि बालाक एकत्र वाचले की मग ते जुळतात.

पंचांग पाहताना आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: त्या दिवशी कोणता विधी होणार नाही. २०२३ मध्येही रोश हशाना शनिवारी आला होता. मी शोफारवर, म्हणजे फुंकायच्या एडक्याच्या शिंगावर, चिंतन तयार केलं होतं, आवाजाचे प्रकार, तेकिया, शेवारीम, तेरुआ, सगळं. शब्बाथला शोफार फुंकत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण लिहिताना वार पाहिला नाही. सिनेगॉगमध्ये उभा राहिलो आणि जो आवाज कुणी ऐकलाच नव्हता त्याच्याबद्दल बोलत राहिलो. समोर बसलेल्या आजींनी मान खाली घातली होती. २०२६ ला १२ सप्टेंबरलाही शोफार नाही, तो १३ ला, रविवारी. तसंच २६ सप्टेंबरला शब्बाथ असल्यामुळे लुलाव (खजुराची झावळी) आणि महाळुंग हातात घ्यायचं नाही, त्या दिवशी त्यांच्यावर बोलू नका.

तपासा: कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहिल्यात का? इंग्रजी तारीख आणि वार, तिश्रीची तारीख, तोरेचा पाठ, हाफ्तारा (तोरेनंतर वाचला जाणारा संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला पाठ). या चार ओळी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. पुस्तकं जमवा आणि वचनांचे क्रमांक जुळवून घ्या

तीन गोष्टी पुरतात: हिब्रू मूळ असलेलं हुमाश (तोरेची पाच पुस्तकं), एक मराठी भाषांतर आणि राशी या जुन्या भाष्यकारांचं भाष्य, तुम्हाला वाचता येईल त्या भाषेत. हिब्रू अडखळत वाचता येत असेल तरी मूळ जवळ ठेवा. एखादा शब्द दोनदा आला आहे की नाही हे भाषांतरात बऱ्याचदा कळत नाही.

आपल्या घरांत असतं ते मराठी भाषांतर बहुतेक वेळा ख्रिस्ती छपाईचं असतं. त्यातले क्रमांक काही ठिकाणी हिब्रू पुस्तकापेक्षा एकानं पुढे-मागे असतात. सणांच्या दिवसांत हे नेमकं नडतं:

- निझावीम हिब्रूत ‘अनुवाद’ (तोरेचं पाचवं पुस्तक) २९:९ ला सुरू होतो, मराठीत २९:१० ला.
- शब्बाथ शुवाची हाफ्तारा हिब्रूत होशेय १४:२ पासून, मराठीत १४:१ पासून.
- योनाला गिळायला मासा येतो ते हिब्रूत २:१, मराठीत १:१७.

‘१४:२ पाहा’ असं म्हटलंत आणि ऐकणाऱ्यानं घरी जाऊन उघडलं तर त्याला भलतंच वचन सापडेल. म्हणून क्रमांकासोबत वचनाचे पहिले दोन-तीन शब्द सांगायची सवय ठेवा.

सावधान: काही भाषांतरांत देवाचं चार अक्षरी नाव उच्चारासकट छापलेलं असतं. ते मोठ्यानं वाचू नका. ‘परमेश्वर’ किंवा ‘हाशेम’ म्हणा. आपल्या कागदावर ते नाव हिब्रूत उतरवूही नका. उतरवलंत तर तो कागद रद्दीत टाकता येत नाही, गेनिझात, म्हणजे जुन्या पवित्र कागदांच्या साठ्यात, ठेवावा लागतो.

३. भाष्याला हात न लावता तीनदा वाचा

दर आठवड्याचा पाराशा दोनदा मुळात आणि एकदा भाषांतरात वाचायचा, असा नेम तालमूदमध्ये (रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात) सांगितला आहे. तो नेम चिंतनाच्या तयारीला तंतोतंत लागू पडतो. दोन वाचनं हिब्रूत, निदान डोळ्यांनी, आणि एक मराठीत मोठ्यानं. मोठ्यानं वाचायचं ते अशासाठी की जीभ जिथे अडखळते तिथे बहुधा पाठातही काही तरी असतं.

या पायरीवर घाई होते. लोक एकदा वाचतात, लगेच मोबाइलवर कुणाचं तरी चिंतन उघडतात, आणि पुढचं सगळं त्या माणसाच्या डोक्यानं लिहितात. रविवारी आणि सोमवारी फक्त पाठ वाचा. पेन्सिल हातात ठेवा. समजलं नाही तिथे खूण करा, आवडलं तिथे नाही.

संपूर्ण पाराशा घेऊ नका. निझावीम-वायेलेख एकत्र असताना सत्तर वचनं होतात. त्यांतली पाच ते दहा निवडा.

४. एकच प्रश्न शोधा

चिंतनाचा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

चांगला प्रश्न पाठातूनच येतो. एखादा शब्द विनाकारण दोनदा आला आहे का? जे घडायला हवं होतं ते सांगितलेलंच नाही का? एकानं हाक मारली आणि उत्तर दुसऱ्याला मिळालं का? ‘यातून आपण काय शिकावं?’ हा प्रश्न पाठातला नव्हे, तो तुम्ही बाहेरून आणलेला आहे. तो बाजूला ठेवा.

रोश हशानाच्या पहिल्या दिवसाचा पाठ घेऊ, उत्पत्ती २१. अब्राहाम हागारला आणि मुलाला पाठवून देतो. वाळवंटात चामड्याच्या पिशवीतलं पाणी संपतं. आई मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, कारण मुलाला मरताना तिला बघवत नाही. सोळाव्या वचनात ती मोठ्यानं रडते. सतराव्या वचनात देव ऐकतो. पण कुणाचा आवाज? मुलाचा.

पुन्हा वाचून बघा. मुलगा रडला, ओरडला, प्रार्थना केली, असं कुठेच म्हटलेलं नाही. रडली ती आई. ऐकला गेला तो मुलगा.

आणखी खाली उतरा. या सबंध अध्यायात मुलाचं नाव एकदाही येत नाही. ‘मिसरी हागारचा मुलगा’, ‘दासीचा मुलगा’, ‘पोर’ एवढंच. त्याचं नाव आपल्याला आधीच्या सोळाव्या अध्यायातून माहीत आहे: इश्माएल, म्हणजे ‘देव ऐकतो’. या अध्यायात नाव गाळलं आहे आणि सतराव्या वचनात नावाचा अर्थच घडून येतो: हिब्रूत ‘वायिश्मा एलोहीम’, देवानं ऐकलं. मराठीतून वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही, म्हणून मूळ जवळ हवं.

आता तुमच्या हाती प्रश्न आहे: ज्याचा आवाज पाठात नाही, तो देवाला कसा ऐकू आला? हा एक प्रश्न सहा मिनिटांना पुरून उरतो. दुसरा घेऊ नका. सारेचं वागणं, अब्राहामाचं दुःख, विहीर आधीपासून तिथे होती की नाही, हे सगळे चांगले प्रश्न आहेत आणि ते पुढच्या वर्षासाठी आहेत.

तपासा: शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला प्रश्न एका वाक्यात सांगा. त्यानं ‘हो का? दाखव बघू कुठे लिहिलंय’ म्हणून पुस्तक मागितलं, तर प्रश्न बरोबर. त्यानं नुसती मान डोलावली, तर पुन्हा पाठाकडे जा.

५. आता भाष्यकारांकडे जा

बुधवार-गुरुवार हा त्यांचा वेळ. आधी राशी. त्रोयचे राशी, १०४० ते ११०५, वचनाच्या अडचणीलाच हात घालतात. आपल्या प्रश्नावर ते म्हणतात की आजाऱ्यानं स्वतः केलेली प्रार्थना इतरांनी त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेपेक्षा वरचढ ठरते. त्याच वचनात ‘बाअशेर हू शाम’, म्हणजे ‘तो जिथे आहे तिथे’, असे शब्द आहेत. त्यावर राशी सांगतात की माणसाचा न्याय तो आज जसा आहे त्यावरून होतो, पुढे काय करेल त्यावरून नव्हे.

राशींनंतर हवं तर एक भाष्यकार आणखी: रामबान किंवा इब्न एझ्रा. तीन-चार नावं एकापुढे एक मांडली की ऐकणारा प्रश्न विसरतो.

सावधान: पाठात काय आहे आणि मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींनी पाठावर सांगितलेल्या कथांत आणि अर्थांत, काय आहे, याची सरमिसळ करू नका. दुसऱ्या दिवसाच्या पाठावर, इसहाकाच्या बांधणीवर बोलताना ‘इसहाक सदतीस वर्षांचा होता, असं तोरा सांगते’ हे वाक्य मी कित्येकदा ऐकलं आहे. तोरा त्याचं वय सांगत नाही, ते मिद्राशमधून येतं. मिद्राश जरूर सांगा, पण ‘मिद्राशमध्ये असं आहे’ म्हणून सांगा. कच्च्या खर्ड्यात पाठ काळ्या शाईनं आणि मिद्राश निळ्या शाईनं लिहिला की चूक होत नाही.

६. सणाशी जोड हाफ्तारेतून घाला

सण आता आणायचा, आणि तो हाफ्तारेच्या दारानं आणायचा. सणांच्या हाफ्तारा तोरेच्या पाठाला आणि दिवसाला जुळतील अशाच नेमल्या आहेत, म्हणून पूल तयारच असतो. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी हन्नाची कथा आहे, १ शमुवेलचा पहिला अध्याय आणि दुसऱ्याची दहा वचनं. हन्ना प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज ऐकू येत नाही. एली याजकाला वाटतं, बाई दारू प्यायली आहे.

बघा काय झालं. तोरेत ज्याचा आवाज नाही तो मुलगा ऐकला गेला, हाफ्तारेत जिचा आवाज नाही ती बाई ऐकली गेली. आणि १२ सप्टेंबर २०२६ ला, शब्बाथ असल्यामुळे, शोफारही फुंकला जाणार नाही. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये बसलेल्या माणसाला एवढंच दाखवून द्या. ‘रोश हशाना हा न्यायाचा दिवस’ हे वेगळं सांगावं लागत नाही; ‘तो जिथे आहे तिथे’ या शब्दांत ते आलेलं असतं. तुमच्या शोफारवरच्या टिपणांना रविवार आहे: त्या दिवशी शोफार वाजेल आणि पाठात झुडपात शिंगं अडकलेला एडकाही असेल.

बाकीच्या दिवसांसाठी थोडक्यात:

*शब्बाथ शुवा.* हाअझीनू हे गीत आहे, अनुवादाचा ३२ वा अध्याय, सेफेर तोरेत (तोरेच्या गुंडाळीत) दोन स्तंभांत लिहिलेला. कविता अवघड वाटते म्हणून लोक ती टाळून फक्त ‘शुवा’ शब्दावर बोलतात. तसं करू नका. एकच वचन घ्या. दुसऱ्या वचनात मोशे म्हणतो की माझी शिकवण पावसासारखी आणि दवासारखी उतरो. पाऊस आणि दव हे दोन वेगळे शब्द का, इथून सुरुवात होऊ शकते.

*किप्पूर.* दुपारी योना वाचतात. जवळपास प्रत्येक जण माशावर बोलतो, आणि चार अध्यायांत माशाला मोजून तीन वचनं आहेत. चौथा अध्याय वाचा. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं आणि योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. त्या वेळी लोकांचा उपास संपायला काही तास उरलेले असतात. तीन मिनिटांच्या पुढे जाऊ नका. आपल्या जुन्या माणसांचं ‘दरफाळणी’, म्हणजे दारं मिटण्याचा सण, हे नाव संध्याकाळच्या नेइला या प्रार्थनेशी जुळतं, कारण नेइलाचा अर्थही दार बंद होणं. ते एका वाक्यात सांगा, त्यावर अख्खं चिंतन उभं करू नका.

*शेमिनी अत्सेरेथ.* या दिवशी पावसाची प्रार्थना आहे. कोकणात तेव्हा भात कापणीला आलेलं असतं आणि शेतकरी पाऊस थांबावा म्हणून आभाळाकडे बघत असतो. ही प्रार्थना एरेत्स इस्राएलच्या ऋतूची आहे, हे सांगितलं नाही तर मुलं गोंधळतात. सांगितलं तर त्यांना लक्षात येतं की आपण इथल्या पावसात उभं राहून तिथल्या पावसासाठी हात जोडले.

*सिम्हाथ तोरा.* शेवट आणि आरंभ दोन्ही वाचले जातात. दोन्हींवर बोलायचा मोह होतो, पण एकच निवडा.

७. लिहा, आणि मराठी शब्द तोलून वापरा

सहाशे ते सातशे शब्द म्हणजे सहा-सात मिनिटं. क्रम असा: वचन वाचून दाखवा, प्रश्न मांडा, थोडं थांबा, भाष्यकार सांगा, हाफ्तारा जोडा, उतरा. आपल्याकडे तोरेतल्या कथांवर मराठी कीर्तनं होत आली आहेत. कीर्तनकार आधी पद म्हणतो, त्याचं निरूपण करतो आणि मग आख्यानाला हात घालतो. पूर्वरंगाशिवाय उत्तररंग रंगत नाही, हे कीर्तन ऐकलेल्यांना समजावायला नको.

शब्दांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ‘तेशुवा’ला आपण सर्रास ‘पश्चात्ताप’ म्हणतो. मराठी शब्दात ‘ताप’ आहे, मागाहून होणारी जळजळ. हिब्रू शब्दात परतणं आहे, वाट चुकलेल्यानं मागे फिरणं. होशेयची हाफ्तारा ‘शुवा’ म्हणते, म्हणजे ‘परत ये’. पहिल्यांदा ‘तेशुवा, म्हणजे परतणं’ असं म्हणा आणि पुढे तेशुवाच वापरा. ‘मोक्ष’, ‘पुण्यसंचय’ असे शब्द मात्र टाळा. त्यांच्यामागे वेगळा विचार उभा आहे आणि तो नकळत तुमच्या चिंतनात शिरतो.

नावं एकाच रूपात ठेवा. वर ‘मोशे’ आणि खाली ‘मूसा’ असं झालं की घरातल्या लहानांना ती दोन माणसं वाटतात.

तपासा: कागदावरून सणाचं नाव खोडून वाचा. चिंतन दुसऱ्या कुठल्याही सणाला जसंच्या तसं चालत असेल तर तुम्ही पाठ सोडला आहे. चौथ्या पायरीवर परत जा.

८. शुक्रवारी सूर्यास्ताआधी

शब्बाथ आणि सणाला लिहायचं नसतं, मोबाइलवरून वाचायचंही नसतं. म्हणून चिंतन कागदावर, मोठ्या अक्षरांत, एका बाजूला छापून किंवा लिहून घ्या. पानांना क्रमांक घाला. तुम्ही शब्बाथला बाहेर वस्तू नेत नसाल, तर शुक्रवारी दुपारीच कागद सिनेगॉगमध्ये सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) घालून ठेवा. पुस्तकात खूण म्हणून कागदाची पट्टी घाला, कारण त्या दिवशी पेन्सिलनं खूण करता येणार नाही.

हझ्झानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) आदल्या आठवड्यात विचारा: चिंतन कधी आहे, सेफेर तोरा हेखालात (तोरेच्या कपाटात) परत ठेवल्यावर की किद्दूशच्या (द्राक्षारसावरच्या आशीर्वादाच्या) वेळी? हेखालापुढे बोलायचं तर पाच मिनिटं, किद्दूशच्या टेबलावर थोडं जास्त चालतं, आणि तिथे प्रश्न विचारून मुलांकडून उत्तरं घेता येतात.

गुरुवारी रात्री घड्याळ लावून एकदा मोठ्यानं वाचा. लांबलं तर शेवट कापू नका, मधला दुसरा भाष्यकार काढा.

न वापरलेले प्रश्न एका वहीत तारखेनिशी उतरवून ठेवा. सिम्हाथ तोरा रविवारी, ४ ऑक्टोबरला रात्री उतरतो आणि बेरेशीथचा शब्बाथ १० ला आहे. हातात पाच दिवस असतात, तेव्हा पहिलं वाचन त्याच रात्री करून टाका.